दादांची सुरी आणि श्राद्धाचा भोपळा

माझ्या वडिलांची सुरी मी वर्षाच्या आत गंजवली. त्याआधी तीस वर्षं ती त्यांच्या हातात होती. तेव्हा तिला हे जमलं नव्हतं.

दादा फिटर होते. ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा आणि झिजलेल्या कानशी थरावर थर रचून, गावच्या लोहाराच्या भट्टीत ठोकून त्यांनी ती घडवली होती. पात्यावर पाण्यासारख्या लहरी दिसायच्या. ते गेल्यावर मी आईला म्हणालो, "हा वारसा आहे. याचं शास्त्रशुद्ध जतन व्हायला हवं." (मी असाच बोलतो.) आणि सुरी चामड्याच्या म्यानात घालून तुंगार्लीच्या घरी काचेच्या कपाटात ठेवली. लोणावळ्याच्या पावसाळ्यात चामडं किती सर्द होतं, हे मी आणलेल्या धातू-जतनाच्या पुस्तकात नव्हतं.

वर्षश्राद्धाला तीन दिवस उरले असताना तिकोणा पेठेहून, गावच्या घरून, आईचा फोन आला. "सुरी घिऊन ये. भोपळा तेंच्याच सुरीनं चिरायचा."

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्यावर बाईमाणूस पहिला घाव घालत नाही. तो घरातल्या पुरुषाचा मान. इतकी वर्षं दादांचा होता. आता माझ्यावर आला होता.

म्यान ओढलं, तर सुरी बाहेर येईना. आली तेव्हा माझी बायको सुनीता म्हणाली, "अहो, ही सुरी आहे की खारीक?"

दोन दिवस पॉलिश पेपर घासला. गंज गेला. लहरीही गेल्या! पातं बाजारातल्या कुठल्याही सुरीसारखं कोरं.

"दादांना पुसून टाकलंत तुम्ही," सुनीता हळूच म्हणाली. मी पुन्हा पुस्तक उघडलं.

पुस्तकानं धीर दिला: नक्षी पोलादातच असते, द्रावणात बुडवली की पुन्हा उमटते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून फेरिक क्लोराइड आणलं. उंच भांडं हवं म्हणून सुनीताच्या माहेरचा स्टीलचा डबा घेतला. हे द्रावण पोलाद खातं, हे मी वाचलं होतं. डबा कशाचा आहे, हे बघायचं राहिलं. सुरीवर लहरी उमटल्या, डब्यालाही आतून देवीचे व्रण आले.

"आता याचंही जतन करणार का?" सुनीतानं विचारलं.

श्राद्धाच्या दिवशी हार घातलेल्या फोटोसमोर मी सुरी काढली. भाऊबंदांच्या माना पुढे आल्या. मी घाव घातला. सुरी घसरली. जोर लावला, तर भोपळाच गडगडत उंबऱ्यापर्यंत गेला!

आईनं पात्यावर अंगठा फिरवला. "नक्षी लय झ्याक. धार कुटं हाय?"

"ती... लावायची राहिली." (द्रावण धारही खातं. ते पुढच्या प्रकरणात होतं.)

आई फोटोकडे वळली. "बगितलं का? सुरी तुमच्या पोरावर गेली."

वर्षभरात त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं. आईनं हसता हसता पदर डोळ्यांना लावला, मग पायरीच्या दगडावर पाच मिनिटं घासून सुरीला धार लावली आणि माझ्या हातात दिली.

मला धार लावायच्या भानगडीत मात्र ती पडली नाही. पन्नाशीच्या वस्तूवर कोण मेहनत घेणार!