लबानच्या डब्यातला सुरू

यातलं बरंचसं तुला माहीत आहे, कारण तू त्यात होतीस. पण तुझा धाकटा भाऊ तेव्हा कॅमेऱ्यासमोर नुसतं नाक दाखवून पळायचा, म्हणून त्याच्यासाठी पहिल्यापासून लिहिते. शिवाय तू ही हकीकत सांगतेस तेव्हा त्यात मी फारच मूर्ख दिसते. मी लिहिली तर जरा कमी दिसेन, अशी आशा आहे.

तुम्ही आम्हा दोघांना इथे बहरीनमध्ये ठेवून ऑस्ट्रेलियात पर्थला गेलात आणि वर्षभरात आपलं शनिवारचं बोलणं दोन मिनिटांवर आलं. "हाय आजी. फाइन आजी. बाय आजी." मी मराठीत विचारणार, तू इंग्रजीत उत्तर देणार, आणि जेवलीस का, अभ्यास झाला का, थंडी आहे का, एवढं विचारून झालं की माझी पोतडी रिकामी. मग तुझ्या शाळेत रानातली तिकडची मूळची झाडं ओळखायचं आणि त्यातलं एक बोन्साय म्हणून वाढवायचं काम निघालं. तू मला फोटो पाठवलेस. त्या शनिवारी आपण पस्तीस मिनिटं बोललो. मी घड्याळाकडे बघत होते, त्यामुळे आकडा पक्का आहे.

ती पस्तीस मिनिटं हातची जाऊ नयेत म्हणून मी जाहीर करून टाकलं, की मीही इथे एखादं ऑस्ट्रेलियन झाड शोधीन आणि तुम्ही याल तेव्हा ते बाल्कनीत उभं असेल.

"यू कान्ट, आजी. इट्स अ डेझर्ट."

"बघच तू."

मला झाडांतलं काही कळत नव्हतं, पण वही आखता येत होती. पान, साल, फूल, फळ असे चार रकाने पाडले, आजोबांचं पेपर वाचायचं भिंग कायमचं ताब्यात घेतलं आणि स्वतःला जाणकार समजू लागले.

तुझा पहिलाच फोटो शाळेमागच्या रानातला. लोंबत्या हिरव्या सुया, बोराएवढी खरबरीत फळं. मी भिंगसुद्धा उचललं नाही.

"हा तर सुरू! कोकणात आमच्या किनाऱ्यावर रांगाच्या रांगा आहेत. आपल्याकडूनच कुणीतरी तिकडे नेला असणार."

"आजी, टीचर सेज इट्स शीओक. इट्स नेटिव्ह."

"तुझ्या टीचरला एकदा कोकणात पाठव."

दिवाळीनंतर ऊन निवल्यावर मी आणि आजोबा इथल्या अदलिया भागात एका पाडलेल्या व्हिलाच्या मोकळ्या जागेत शिरलो. वॉचमनला विचारून, अर्थातच. भिंतीच्या भेगेत दोन रोपं आपसूक उगवली होती. एकाची पानं लांबट, अरुंद, आणि त्याला हिरवट-पिवळ्या फुलांचे बारीक गोळे. माझ्या वहीत वॉटलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभळीच्या, पानावर पुस्तकातून अगदी हेच उतरवलेलं होतं. शेजारी वीतभर सुरू.

"हाही घेऊ या का?" आजोबा म्हणाले. "एकटाच राहील बिचारा."

"सुरू हवा तर गावी जा. आपण ऑस्ट्रेलिया शोधतोय."

आजोबांनी तोही मुळासकट पिशवीत घातला. घरी आल्यावर लबानच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या डब्याला स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडून त्यांनी तो सुरू त्यात लावला आणि स्वयंपाकघराच्या बाल्कनीत वॉशिंग मशिनवर ठेवला. माझ्या वॉटलला मात्र बाब अल बहरीनजवळच्या एका दुकानातून निळी उथळ कुंडी आणली. फांद्यांना तांब्याची तार गुंडाळली. 'ऑस्ट्रेलियन वॉटल' असं लेबल छापून लॅमिनेट केलं.

पुस्तकात वॉटलची फुलं कापसासारखी मऊ होती, माझी तशी नव्हती. वहीत मी लिहिलं, 'हवामानामुळे फरक.' झाड इतकं माजायचं की दर आठवड्याला कात्री लावावी लागे. वहीत लिहिलं, 'वॉटल जोमदार असतो.' दर शनिवारी मी तुला ते सगळ्या बाजूंनी दाखवायचे आणि आपलं बोलणं कधी पाऊण तासावर जायचं.

दोन वर्षांनी तुमची डिसेंबरची तिकिटं निघाली. त्याच सुमारास आमच्या बिल्डिंगचा माळी, चिपळूणकडचा, खत द्यायला वर आला.

"काकू, हे कुंपण कुंडीत कशाला लावलंत?"

"कुंपण नाही ते. वॉटल आहे. ऑस्ट्रेलियाचं."

त्याने लेबल वाचलं, झाडाकडे पाहिलं, आणि मग अगदी अदबीने बाल्कनीतून खाली पाहिलं. मीही पाहिलं. पार्किंगच्या चारी बाजूंना माझं वॉटल भिंतीसारखं उभं होतं.

"कोनोकार्पस हो हे. आफ्रिकेकडचं. सीफपर्यंत रस्त्याला हेच आहे. महिन्यातून दोनदा मीच कापतो." आणि मग माझं तोंड बघून, "पण तुमचं छान राहिलंय, काकू."

त्या झाडांच्या सावलीत मी बारा वर्षं गाडी लावत होते.

त्या शनिवारी मी तुला सांगितलं, कॅमेरा बिघडलाय. आयुष्यभर शिस्तीचे धडे देणारी बाई नातीशी सरळ खोटं बोलली. झाड दाखवता येईना, म्हणून बोलायला काही उरेना. "ओके. बाय, आजी." दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत.

तो आठवडा फार लांबला. पुढच्या शनिवारी कॅमेरा सुरू करून मी सगळं कबूल केलं. तू हसत सुटलीस आणि तुझ्या बाबाला हाक मारलीस, "आजी ग्र्यू अ हेज! फॉर टू इयर्स!" आता हे संपलं, असं मला वाटलं.

"वेट. आजोबांच्या मागे काय आहे?"

"ते होय? वॉशिंग मशिन."

"नो, त्याच्यावर."

आजोबांनी लबानचा डबा कॅमेऱ्यासमोर धरला. तू नाक स्क्रीनला टेकवलंस.

"आजी! दॅट्स अ शीओक!"

आणि मग तू मला शिकवलंस. या सुया म्हणजे पानं नव्हेत, बारीक डहाळ्या आहेत. खरी पानं म्हणजे प्रत्येक सांध्याभोवतीचे इवलेसे दात. तुझ्या शाळेमागचा वेगळा, हा त्याचा भाऊबंद, पण हाही तुमच्या ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर आपसूक उगवतो. म्हणजे दोन वर्षं ऑस्ट्रेलिया वॉशिंग मशिनवर हादरे खात बसला होता आणि त्याला पाणी घालत होते आजोबा.

"सांध्याला तोड एक," तू म्हणालीस.

तोडायला मला शिकवावं लागलं नाही. लहानपणी आम्ही किनाऱ्यावर हाच खेळ खेळायचो. सांध्यात सुई तोडायची, पुन्हा जागच्या जागी बसवायची आणि समोरच्याला ओळखायला लावायचं. तो सांधा कशाचा, हे मात्र मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. हाताने आपोआप सुई जुळवली आणि कॅमेऱ्यासमोर धरली.

"सांग, कुठे तोडलंय?"

"तिसऱ्या... नाही, थांब. चौथ्या."

"चूक."

"परत, आजी. परत कर."

तू मराठीत बोलत होतीस, हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. मी ते बोलून दाखवलं नाही. फोनची बॅटरी उतरत आली तेव्हा आजोबांनी निमूटपणे चार्जर आणून लावला, आणि मी दुसरी सुई तोडली.