तिसरा खिळा

मी एवेलियो. हायलिया शहरात लोकांच्या माळ्यावर सरपटत जातो, छप्पर वादळात टिकेल का ते बघतो आणि विमा कंपनीसाठी फॉर्म भरतो. माळ्याच्या झडपेतून आधी माझं पोट वर जातं, मग मी. तरी दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

परवा सेन्योरा एलोईनांकडे गेलो. वय सत्त्याहत्तर, नवरा वारलेला. मजबूत छपराची सवलत मिळाली नाही तर त्यांना विमा झेपणार नव्हता. घर विकून जावयाच्या दारात राहावं लागणार होतं.

माळ्यावर भट्टीसारखं तापलेलं. छपराची प्रत्येक कैची, म्हणजे लाकडी तिकोनी सांगाडा, भिंतीला लोखंडी पट्टीनं बांधलेली. पट्टीला तीन खिळे हवेत, होते दोन. पुढच्या पट्टीलाही दोनच.

"कोण हा गाढव?" मी मोठ्यानं म्हणालो.

मग लाकडावर निळ्या पेन्सिलीनं केलेली सही दिसली. माझीच. ब्याण्णवच्या वादळानंतर मी सुतारकाम करायचो, सगळ्यांच्या आधी छप्पर उरकायचो आणि त्याचा मला इतका गर्व होता, की वर सही ठोकायचो. खिळा एक कमी, पण सही अगदी झोकदार.

फॉर्मसाठीचा फोटो तिरका काढला, तर दोनाचे तीन भासवता येतात. मोबाईल तिरका धरलाही. मग स्वतःचीच किळस आली आणि खाली उतरलो.

बाईंनी कॉफी पुढे केली. "पास का रे, बाळा?"

"नाही. आणि सेन्योरा, ते काम माझंच आहे. खिळे मी खाल्ले."

"साखर हवी?"

मग दोन दिवस सकाळी माळ्यावर पालथा पडून एकेचाळीस पट्ट्यांना एकेचाळीस खिळे ठोकले. तिसऱ्या खिळ्यालाच अंगठा ठेचला. फॉर्मवर सही दुसऱ्या तपासनिसाची घ्यायची ठरवली. स्वतःला पास करण्याइतका निर्लज्ज मी आता उरलो नव्हतो.

शेवटी झडपेत अडकलो, तेव्हा बाई खालून माझे पाय ओढत होत्या.

"सेन्योरा, तुमचं नशीब, नेमका मीच आलो."

"नशीब कसलं? गेल्याच आठवड्यात एक तपासनीस नापास करून गेला. त्यानंच वरची सही वाचून दाखवली. मग मी तुझा नंबर शोधला."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"तू खरं बोलतोस का, ते बघायचं होतं. पोट आत घे."