बिनक्लचच्या गाडीचे दोन फर्लांग

माझ्या सासऱ्यांची गाडी निघायच्या आधी विचार करायची. ॲक्सिलरेटर दाबला की ती एक मोठा उसासा टाकायची, मागच्या अंगाला किंचित बसायची, आणि मग, बरं जाऊ या, असं काहीसं स्वतःशी ठरवून चालू लागायची. मी पुण्याकडची. लग्न होऊन मलकापूरला आले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि मला स्टेशनवर घ्यायला हीच गाडी आली होती. एवढी लांब, की तिचं तोंड टांगेवाल्यांच्या गर्दीतून बाहेर पडलं तरी शेपूट अजून फलाटाकडेच होतं.

गाडी अमेरिकन, पण स्टिअरिंग इथल्यासारखं उजवीकडे. खामगावला कापसाच्या व्यापारात असलेल्या एका गोऱ्या साहेबाने मायदेशी जाताना ती मामंजींना विकली होती. आत मखमली गाद्या, मागच्या खिडक्यांना जाळीचे पडदे आणि समोर एक घड्याळ, जे साहेबाबरोबरच गेलं असावं, कारण ते कधी चाललं नाही. तिची मुख्य गोष्ट अशी की तिला क्लचच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. आमच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, येणारे शेतकरी वाकून वाकून आत बघायचे आणि तिसरा पेडल कुठे गेला म्हणून विचारायचे.

मामंजींना क्लच नकोच होता, यातच सगळं आलं. तरुणपणी ते शंकरपटातले नावाजलेले धुरकरी होते. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोडीची शर्यत; सरळ पट्टी, हलका छकडा आणि त्यावर जोडी पिटाळणारा धुरकरी. (पाहा, मीही आता 'आमच्याकडची' म्हणते.) एका पटात ते छकड्यावरून पडले आणि डावा पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला. ज्या माणसाने वाऱ्यासारखी जोडी पळवली, त्याला पुढची कित्येक वर्षं कोणीतरी धरून बैलांच्या दमणीत बसवायचं, कोणीतरी उतरवायचं. क्लचची गाडी त्यांना चालवता येणं शक्यच नव्हतं. ही आली आणि मामंजी सुटले. सकाळी टोपी घालून एकटे गाडीत बसायचे, डावा पाय शेजारच्या बाजूला ताणून द्यायचे आणि एका उजव्या पायावर सगळी वावरं फिरून यायचे. सोबत कोणी येतो म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची.

एकदा ते कडब्याच्या गंजीत शिरले. गंजी आमचीच होती आणि गाडीला ओरखडाही आला नाही, पण बातमी संग्रामपूरकडे दिलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीकडे पोचेपर्यंत गंजीची विहीर झाली होती. अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आत्याबाई आणि त्यांचे यजमान आले ते तोंड पाडूनच.

हे यजमान म्हणजे घरातले सगळ्यांत थोरले जवाई. मला हे प्रकरण समजायला वर्ष लागलं. जवाईबुवा बसले की घर उभं. त्यांनी पाणी मागितलं की तीन तांबे यायचे. त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, आणि सासूबाई तर त्यांच्यासमोर यायच्या त्या कपाळापर्यंत पदर ओढून. बोलायच्या नाहीतच. जवाईबुवाही मानी माणूस. सासूबाई ओसरीवर आल्या की ते आढ्याचे वासे मोजू लागायचे. त्या आत गेल्या की मोजणी थांबायची.

त्यांनी त्या वर्षी नवी कोरी छोटी गाडी घेतली होती, गिअरची. निघताना दोन्ही गाड्या फाटकातून एकदमच बाहेर काढायच्या ठरल्या. त्यांची भुर्रकन सुटली. आमची विचार करत राहिली. जवाईबुवांनी पुढे जाऊन गाडी थांबवली आणि मान बाहेर काढली.

"साळेबुवा, गाडी झोपून राह्यली का?"

जिनिंगवरचे हमाल हसले. मामंजी हसले नाहीत. मग उतरून आलेल्या जवाईबुवांनी आत्याबाईंच्या मनातलं सांगून टाकलं. "पाय असा, गाडी अशी. एक दिवस घात होईन. चाला, पंधरा दिसानं दोन फर्लांगाचा पट लावू. तुमची गाडी पुढं निघाली तर मी पुन्हा बोलनार नाई. मांगं राह्यली तर ते विकायची अन् ड्रायवरवाली जीप घ्यायची."

जवायाचा शब्द. मामंजी "हाव" म्हणाले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी भाकरी नुसतीच कुस्करली. कोणाकडेही न बघता म्हणाले, "मले पुन्हा कोनाच्या हातानं वावरात जायाचं नाई." मला त्यांचं एरवी फार हसू यायचं, त्या दिवशी आलं नाही. सासूबाईंनी रोजच्यासारखा त्यांचा ताठ पाय उचलून चौरंगावर ठेवला आणि ताट उचललं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या नवऱ्याने गाडी ताब्यात घेतली. त्यांनी नागपूरला यंत्रांचं शिक्षण घेतलं होतं आणि ते वापरायची संधी घरात कोणी देत नव्हतं. प्लग साफ झाले, कार्बोरेटर उघडून धुतला गेला, टायमिंग जरा पुढे घेतलं, चाकांत टणटणीत हवा भरली. सायलेन्सर काढला, तेव्हा गाडी अशी ओरडली की शेजारच्यांची म्हैस दावं तोडून थेट बाजारापर्यंत गेली. मग वजन. स्टेपनी काढली, बंपर काढले, मागची मखमली गादी काढली. ती ओसरीवर ठेवताच गावातल्या रिकाम्या लोकांना बसायची सोय झाली आणि घरात चहाची साखर पुरेना. जाळीचे पडदे सासूबाईंनी स्वैपाकघराच्या खिडकीला लावले. शेवटी पुढची गादीही गेली आणि तिच्या जागी रुई भरलेली दोन पोती आली. आमच्याकडे कापसाला तोटा नव्हता. गाडी आतून एखाद्या रिकाम्या गोदामासारखी दिसू लागली. आता तिच्यात सर्वांत जड वस्तू मामंजीच होते, पण ते काढता येत नव्हते.

मामंजींची तयारी वेगळीच चालली होती. पटाच्या आदल्या दिवशी जोडीला काम लावायचं नाही, म्हणून त्या दिवशी गाडी सुरू करायची त्यांनी सगळ्यांना बंदी केली. तिला निंबाच्या सावलीत उभं केलं, बॉनेटवर ओली गोणपाटं टाकली. नवऱ्याने सहज टाकीचं झाकण उघडून बघितलं तर पेट्रोल काठोकाठ. गाद्या, बंपर, स्टेपनी काढून जे वजन वाचवलं होतं, त्यातलं बरंचसं टाकीत परत आलेलं.

"बाबा, हे काय?"

"उपाशी जोडी कोनी पटात जुंपते का बे?" मामंजी म्हणाले. "लेका, एवढं शिकून आला अन् जनावराची भूक तुले समजत नाई?"

नवऱ्याने डब्यांत पेट्रोल उपसलं. मामंजी प्रत्येक डब्याकडे असे बघत होते, जणू कोणी बैलासमोरचं घमेलं ओढून घेतंय.

पण त्या आधीच, दोनच दिवसांपूर्वी, खरी गोष्ट मामंजींनाच सुचली होती, हे मला कबूल केलं पाहिजे. सगळं काढूनसुद्धा गाडी निघताना विचार करतच होती. नवरा डोकं धरून बसला. मामंजी म्हणाले, पटात जोडी नुसती सोडत नाहीत. दोघं जण तिला पुढून धरून ठेवतात, धुरकरी मागून तिला पेटवतो, आणि धरणारे बाजूला झाले की ती सुटते. "हिले पन धरून ठेवा लागते." म्हणजे एका पायाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने ॲक्सिलरेटर. इंजिन पेटलं की ब्रेक सोडायचा. विचार काय तो आधीच करून घ्यायचा.

ब्रेक दाबायला मामंजींचा ताठ पाय म्हणजे खांबच. त्याने धरलेली गाडी हलायची बिशाद नव्हती. पंचाईत अशी की खांब उचलला जात नव्हता. त्यांचे हात तर मोकळे नव्हते. एक स्टिअरिंगवर, दुसरा गिअरच्या दांडीवर, कारण पहिला फर्लांग होईपर्यंत ती खालच्याच गिअरला धरून ठेवायची होती. मग शेजारी बसून नवऱ्याने पाय उचलून बघितला. मामंजी असे कळवळले की जिनिंगचं काम थांबलं.

"असा नाई उचलत तो," दारातून सासूबाईंचा आवाज आला. "आंधी गुडघ्याखाली हात, मंग टाच. अन् अंगठ्याकडून फिरवा लागते."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्या पदर सावरत आल्या, पोत्यावर बसल्या. मामंजींनी गाडी पेटवली. सासूबाईंनी हात घातला, पाय फुलासारखा वर आला, आणि गाडी अशी सुटली की जिनिंगच्या अंगणातला कापसाचा ढीग मधोमध चिरत पलीकडे गेली. दोघं उतरली तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत कापूस होता. सासूबाई हसत होत्या. मी त्यांना तोवर तशा हसताना पाहिलं नव्हतं.

मग घरात चर्चा झाली ती वेगाची नाही, पदराची. जवाईबुवा शेजारच्या गाडीत, हातभर अंतरावर. त्यांच्यासमोर सासूबाई नवऱ्याच्या शेजारी बसणार, रस्त्यावर, अख्ख्या गावादेखत? मामंजीच म्हणाले, राहू द्या, मी बघतो काय ते. सासूबाई म्हणाल्या, "पाय माहा हाय का तुमचा?" आणि विषय संपला. माझ्या नवऱ्याला त्या वाक्यात चूक वाटली. मला वाटली नाही.

नांदुऱ्याच्या रस्त्यावर एक सरळ पट्टा होता. तेव्हा मैलाचे आणि फर्लांगाचे दगड अजून उभे होते. एका दगडापासून सुरुवात, त्यापुढचा दुसरा दगड म्हणजे शेवट. सासूबाई जाणार म्हणून मलाही जायला मिळालं. आत्याबाई आणि मी दमणीत उभ्या होतो. मामंजींनी बसल्या जागेवरून जवाईबुवांना हात जोडले, कारण ज्याला हरवायचं तो आधी जवाई होता. जवाईबुवांनी आशीर्वादही दिला. सासूबाई खाली मान घालून, डोईवरचा पदर दातांत धरून बसल्या होत्या.

नवऱ्याने रुमाल वर केला. आमची गाडी गर्जू लागली, मागून बसली, थरथरू लागली. जळकट वास सुटला. सासूबाईंनी दोन्ही हात मामंजींच्या पायाखाली घातले, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि उघड्या खिडकीतून आलेल्या वाऱ्याने पदर डोक्यावरून मागे गेला. पार मागे. सावरायला हात मोकळे नव्हते.

जवाईबुवांचं लक्ष त्याच क्षणी तिकडे गेलं. आणि माणूस मानी. त्यांनी झटकन तोंड फिरवलं आणि पलीकडच्या बाभळीकडे बघू लागले. तेवढ्यात रुमाल पडला.

त्यांना तो दिसलाच नाही. आमच्या गाडीने विचार केला नाही. आत्याबाई दमणीतून ओरडल्या, "अवो, सुटली ना ते!" तेव्हा कुठे जवाईबुवा निघाले. छोटी गाडी फार छान पळाली, हे मी न्यायाने सांगते. दुसऱ्या दगडाजवळ ती आमच्या मागच्या चाकापर्यंत आली होती. पण दगड आमच्या तोंडाने आधी गाठला.

पुढची वीस वर्षं या दोन फर्लांगांवर वाद चालला. माझा नवरा म्हणे टायमिंग. मामंजी म्हणत पटाची विद्या. जवाईबुवा म्हणत, "म्या मान राखला म्हून हारलो," आणि ते खोटंही नव्हतं. पदर पडला की पाडला, हे सासूबाईंना विचारायची हिंमत मात्र कोणाला झाली नाही. त्या दिवशी वावरात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत झाली, आणि जवाईला असं हरवून पाठवायचं नसतं म्हणून जवाईबुवांना दुपट्टा-टोपी दिली, नारळ दिला, हार घातला. कोणी नवखा आला असता तर त्याला तेच जिंकलेले वाटले असते. ते खूश होते. शब्दाचेही पक्के, गाडीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

गाडी राहिली. गाद्या परत बसवल्या, सायलेन्सर लावला, म्हैस निवांत झाली. दोन दिवसांनी सकाळी मामंजी टोपी घालून एकटे गाडीत बसले. ज्यासाठी एवढं सगळं केलं, ते हेच होतं. मी ओसरीवर उभी राहून बघत होते. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मला वाटलं, पुन्हा विचार करतेय. मग भोंगा वाजला.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "काऊन? काई राह्यलं का?"

मामंजींनी शेजारचं दार आतून उघडलं. समोर बघत म्हणाले, "बसा."

"मी कायले?"

"पाय उचलाले कोन हाय मंग?"

वावरात जायला डावा पाय लागतच नव्हता. तो नुसता ताणून ठेवायचा असायचा. हे त्यांना ठाऊक होतं, सासूबाईंना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, चुलीवरची डाळ उतरवायला सांगितली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यानंतर मामंजी वावरात एकटे कधी गेले नाहीत.