अर्धी रिंग

फोन वाजला की पूर्ण रिंग होऊ द्यायचीच नाही, ही काकांची पद्धत. अर्धी रिंग झाली की उचलून "हां, बोला." मीटिंग असो, डेमो असो, खुद्द व्हाइस प्रेसिडेंट समोर बसलेला असो. फोन टेबलावर उताणा, आवाज फुल. बरं, कॉल कोणाचा? निम्म्या वेळा गाडीची वॉरंटी विकणाऱ्याचा. त्यालाही "हां, बोला," मराठीतच. मला असला राग यायचा, काय सांगू.

तुम्ही ऑफिसात काम केलं असेल तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असणार. अमेरिकेत रेडमंडमध्ये, टीव्हीला जोडून खेळायचे गेमिंग कन्सोल बनवणाऱ्या टीममध्ये मी इंजिनिअर, ते सगळ्यात जुने टेस्टर. बाकीचे त्यांना सरळ नावानं हाक मारत. मी साताऱ्याची, साठीच्या माणसाला नावानं हाक मारणं मला काही जमेना, म्हणून काका. "काका म्हणतेस आणि भांडतेस," असं ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

भांडण होतं एका सेटिंगवरून. माझं पहिलं मोठं फीचर: ऑनलाइन गेम सुरू झाला की खेळणाऱ्याचा कन्सोलला जोडलेला फोन आपोआप गप्प. रिंग नाही, थरथर नाही. ते ऑन-ऑफ करता येणार होतंच. वाद एवढाच, की कन्सोल खोक्यातून बाहेर येईल तेव्हा ते ऑन असावं की ऑफ. मी म्हणत होते ऑन. सेटिंग्जमध्ये जाऊन बघतो कोण? ऑफ ठेवलं तर माझं फीचर कुणाला कळणारही नाही आणि माझं प्रमोशन बोंबलणार. काकांनी त्यावर बग लिहिला, म्हणजे सिस्टिममध्ये चूक म्हणून नोंद केली. मी बंद केला. त्यांनी तपासलं आणि पुन्हा उघडला. शेरा दोनच शब्दांचा: "अजून होतंय." असं सात वेळा झालं. आठव्यांदा मी तणतणत त्यांच्या टेबलापाशी गेले आणि वाट्टेल ते बोलले. ऐकून घेतलं सगळं, आणि म्हणाले, "चल, जेवायला जाऊ."

कॅफेटेरियात त्यांनी मला सुरुवातीच्या दिवसांची गोष्ट सांगितली. तेव्हा कन्सोलवर ऑनलाइन खेळायचं म्हणजे घरच्या टेलिफोनची वायर काढून कन्सोलच्या मोडेममध्ये खुपसायची. मग किरकिर, खरखर, आणि नशीब असेल तर कनेक्शन. आपण मारलेली उडी समोरच्याला दिसेपर्यंत आपण दरीत पडलेलो असायचो. तरी पहिल्यांदा काकांच्या हॉलमधली गाडी आणि टेक्ससमधल्या कुणाची तरी गाडी एकाच रस्त्यावर धावल्या, तेव्हा हा माणूस सोफ्यावर उभा राहून नाचला होता. पण गेम सारखा तुटायचा. का तुटतो, तेही काकांनीच शोधलं. मध्येच बाहेरून फोन आला की लाइनवर टुक् असा आवाज होई, तेवढ्यानं कनेक्शन जाई. उपायही त्यांचाच: नंबर लावण्याआधी कन्सोलनं एक कोड फिरवायचा, की तो टुक् बंद. बाहेरच्या माणसाला नुसतं एंगेज ऐकू येणार. हे सेटिंग आधीपासून ऑन ठेवायचं, असं काकांनी सुचवलं. कोणीही हरकत घेतली नाही, उलट टाळ्या पडल्या.

मग एका रविवारी संध्याकाळी ते घरी टेस्टिंगला बसले. तीन तास गेम एकदाही तुटला नाही. मिरजेत तेव्हा सोमवारची सकाळ होती. काकांचे वडील तिथे अंथरुणाला खिळलेले, फोन उशाशी. त्यांना मुलाशी बोलायचं होतं. आई नंबर फिरवत राहिली. एंगेज. पुन्हा एंगेज. काकांनी खूश होऊन कन्सोल बंद केला आणि वायर टेलिफोनला लावली, तर लगेच फोन वाजला. मोठा भाऊ होता. वडील जाऊन वीस मिनिटं झाली होती.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलले, की काका, तो बग होता, त्यात तुमचा काय दोष.

त्यांनी ताट सरकवलं. डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं, संताप होता. "बग नव्हता. मी सांगितलं होतं अगदी तसंच चाललं होतं. एकदम परफेक्ट."

यानंतर मी बदलले असेन, असं तुम्हाला वाटेल. नाही बदलले. मॅनेजर म्हणाला, इमर्जन्सी असली की लोक काहीतरी मार्ग काढतातच. मी मान डोलावली. मंगळवारी ते सेटिंग ऑन करून टाकलं, आणि काकांना सांगायचं मात्र टाळलं.

बुधवारी सकाळी कंपनीनं माणसं कमी केली. दुपारपर्यंत काकांचं कार्ड दाराला चालेना. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला आत येऊन स्वतःचा कप उचलू देत नाहीत, ही यांची रीत. सामान मीच खोक्यात भरून पार्किंगमध्ये नेलं. पाऊस भुरभुरत होता. मी कंपनीच्या नावानं तोंडाला येईल ते बडबडत होते. खोकं मागच्या सीटवर ठेवून झाल्यावर काकांनी एवढंच विचारलं, "तुझं ते सेटिंग. काय ठेवलं शेवटी?"

"ऑफ, काका."

"नक्की?"

"नक्की."

"शाब्बास," ते म्हणाले आणि हसले. "तरी मी स्वतः बघणार हं."

त्यांच्या नावावरचा बग आपोआप माझ्या नावावर आला. मी तो बंद केला.

काका टेक्ससमध्ये, प्लेनोला मुलीकडे राहायला गेले. कन्सोल दुकानात आले त्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला. टीव्हीच्या स्क्रीनचा फोटो, त्यावर माझं सेटिंग, ऑन. खाली दोन शब्द. "अजून होतंय."

मी उभ्याउभ्या फोन लावला. अर्धी रिंग झाली. एक झाली. सहा झाल्या. मग व्हॉइसमेल.

आता तो बग मी पुन्हा उघडलाय. मॅनेजर बंद करतो, मी उघडते, आमची रोज खडाजंगी होते. प्रमोशन मिळालं, त्याचं काय लोणचं घालू? स्वतःचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. दर रविवारी मी काकांना फोन लावते. मैत्रीण म्हणते, अगं, सायलेंटवर असेल त्यांचा फोन.

नसतो. तो टेबलावर उताणा असतो, आवाज फुल. काका समोर बसलेले असतात आणि रिंग पूर्ण होऊ देतात.