फडाची मोकळी बाजू

मी जात्याच भित्री. पाल दिसली की खुर्चीवर चढते, आणि खुर्चीवरून पाल जास्त जवळ दिसते म्हणून लगेच खाली उतरते. अशा बाईच्या वाट्याला परिसर अभ्यास आला, आणि तोही वडगाव रासाईच्या अलीकडच्या एका वस्तीवर, जिथं शाळेच्या तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला कच्चा रस्ता. पहिली ते चौथी मिळून एकच खोली होती. मी शिरूरहून रोज जीपनं यायचे आणि फळ्यावर लिहायचे, ‘वन्य प्राण्यांना घाबरू नये, ते आपले मित्र आहेत.’ लिहिताना माझं लक्ष आढ्याकडं असायचं.

पोरांना मात्र ते पटलं. फार पटलं. नांगरटीत सापडलेलं टिटवीचं अंडं जागच्या जागी ठेवून त्यांनी भोवती दगडांचं कुंपण केलं. धामण मारायला निघालेल्या बापाच्या हातातली काठी एकीनं धरून ठेवली. ही चौथीतली मुलगी, वस्तीवरच्या आप्पांची नात. आप्पांची आधी मेंढरं होती. मेंढरं गेली, नदीचं पाणी आलं, ऊस आला. त्यांचं बोलणं कमी, आणि या नातीपुढं तर त्यांचं काही चालायचंच नाही.

आमच्याकडं ऊसतोडीचा एक रिवाज होता. तोडणारी टोळी फडाच्या कडेनं आत आत सरकते. फडातली जनावरंही तशीच आत आत सरकतात. शेवटी मधोमध घराएवढा उसाचा तुकडा उरतो आणि ससे, घोरपडी, रानमांजरं सगळी त्यात कोंडलेली असतात. मग वस्तीवरची माणसं काठ्या आणि कुत्री घेऊन चारी बाजूंनी उभी राहतात. बाहेर पडेल ते मारायचं. संध्याकाळी सशाचं कालवण. पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलेलं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

वर्गात मी म्हटलं, एक बाजू मोकळी सोडली तर? जनावरं निघून जातील, त्यांचीही पिल्लं असतात. एवढंच म्हटलं आणि पुढचा धडा घेतला. पण आप्पांच्या नातीनं ते धरून ठेवलं आणि घरी आप्पांच्या मागं लागली. तिनं दोन वेळा जेवण सोडलं म्हणे. तिसऱ्या वेळी आप्पा म्हणाले, “बरं बाई, सोडू एक बाजू. आता भाकरी खा.”

तोडीच्या दिवशी मला केंद्रशाळेत शिक्षकांची बैठक होती. माझ्या माघारी पोरं फडावर जाणार हे मला ठाऊक होतं, पण त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. ससेच तर बघायचे होते. तेव्हा बिबट्या म्हटलं की आम्हाला जुन्नर आठवायचं. आपल्याकडं कुठून येणार? ऊस मात्र आपल्याकडं जुन्नरपेक्षा कमी नव्हता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ठरलं होतं नदीकडची बाजू मोकळी सोडायची. पण आप्पांना नातीचं कौतुक. नदीकडून जनावरं गेली तर पोरांना काय दिसणार? म्हणून त्यांनी ऐन वेळी बाजू बदलली. रस्त्याकडची बाजू मोकळी ठेवली आणि तिथल्याच बांधावर पोरांना ओळीनं बसवलं, जवळून दिसावं म्हणून. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. जनावराच्या दारात आपण वर्ग बसवलाय, एवढंच कुणाला उमगलं नाही.

मी जीपमधून उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बांधावर पोरांच्या पाठी दिसल्या. पुढं तोडलेल्या उसाच्या वाळक्या पानांची थोडी पाचट, आणि त्यापुढं उसाचा उरलेला तुकडा. पलीकडून कोयत्यांचा आवाज येत होता. मला आधी विचित्र वाटलं ते कुत्र्यांचं. वस्तीवरची कुत्री अशा वेळी रान डोक्यावर घेतात. आज ती लांब, बैलगाडीखाली अंग चोरून बसली होती. एकही भुंकत नव्हतं.

मग उसाच्या कडेला पाचट हलली. पोरं दुसरीकडं बघत होती, नुकताच एक ससा पळाला होता आणि त्याच्याकडं बोटं दाखवणं चाललं होतं. पाचटीच्या रंगाचंच काहीतरी खाली दबलं. दोन कान दिसले. मग डोळे. ते डोळे बसलेल्या पोरांकडं लागले होते, आणि ओळीत सर्वांत पुढं, बांधाच्या खाली उतरून, आप्पांची नात उकिडवी बसली होती.

बसलेलं माणूस बिबट्याला जनावरासारखं दिसतं, उभं राहावं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. ते ओरडून सांगायचं होतं. तोंड उघडलं, आवाज आला नाही. पाय जमिनीत पुरल्यासारखे झाले. मला खरं तर पळायचं होतं, आणि पळता येत नाही याचीच मला भीती वाटत होती. इतकी भीती मला त्यापूर्वी कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात आप्पांच्या नातीनं सहज मागं वळून बघितलं. मी दिसले. ती ताडकन उभी राहिली. तिच्या पाठोपाठ अख्खी ओळ उभी राहिली, माझ्याकडं तोंड करून, हात जोडून. आणि रोज मी वर्गात शिरले की म्हणतात तसं सगळे एका सुरात, खच्चून ओरडले, “न-म-स्ते बा-ई!”

वर्गाबाहेर असं ओरडू नका, लोक हसतात, म्हणून मी त्यांना कितीदा रागावले होते. बाजारात, जत्रेत, एकदा तर लग्नात जेवायला बसले असताना. सवय मोडली नव्हती. आता ती सगळी माझ्याकडं बघून हसत उभी होती आणि त्यांच्या पाठी उसाकडं होत्या. समोरचं फक्त मला दिसत होतं. बिबट्यानं मान वर केली. एकदम उंच झालेल्या त्या ओळीकडं बघितलं. शेपटीचं टोक हललं. मग तो मागच्या मागं उसात शिरला आणि ऊस पुन्हा स्थिर झाला.

मी हात वर केला. प्रार्थनेनंतर वर्गात जाताना करते तसा. पोरं ओळीत माझ्याकडं आली. रस्त्यावर पोचल्यावर मी आप्पांच्या नातीचा दंड असा धरला की ती म्हणाली, “बाई, दुखतंय.”

मला बोलता आलं तेव्हा एकच शब्द आला, “वाघ.” काही क्षणांत कोयते थांबले. माणसं रस्त्यावर जमली. टोळीचा मुकादम म्हणाला, “पाचट वाळलीय, चारी बाजूंनी पेटवून द्या. पोरं होती वं तिथं.” तरण्या पोरांनी माना डोलावल्या. आणि मी? मी वन्य प्राण्यांना मित्र म्हणणारी बाई. त्या वेळी काडीपेटी माझ्या हातात असती तर मीच पेटवलं असतं. मला तो ऊस, ते डोळे, सगळं जळून जायला हवं होतं.

आप्पांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाजू त्यांनीच बदलली होती. ते एवढंच म्हणाले, “मेंढरं व्हती तवा लांडग्याला बी आमी कोंडलं न्हाई. कोंडलेलं जनावर अंगावर येतंय.” पण त्यांचा आवाज पडला होता, कुणी ऐकत नव्हतं.

मग त्यांच्या नातीनं माझा पदर ओढला. “बाई, वाट सोडायची ठरली हाय ना? तुमीच सांगा की. सोडायची का न्हाई?”

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. वस्तीवर बाईंचा शब्द चालायचा. मी उसाकडं बघितलं, मग तिच्याकडं. ती अजिबात घाबरलेली नव्हती. तिला आत काय होतं ते कळलं होतं, आणि तरीही ती मी शिकवलेलंच विचारत होती. नाही म्हणायचं असतं तर ते तिच्या डोळ्यांत बघून म्हणावं लागलं असतं. माझ्यात तेवढं बळ नव्हतं. “सोडायची,” मी म्हटलं. “नदीकडची. आणि इथं कुणी थांबायचं नाही.”

माणसं कुरकुरत का होईना, गेली. पोरांना घरात कोंडलं. टोळीनं बैल सोडून नेले. त्या रात्री माझा डोळा लागला नाही. सकाळी कुणाचं पोर गेलं अशी बातमी आली तर काय करायचं, याचाच विचार चालला होता. सकाळी तुकडा रिकामा होता. नदीकडच्या चिखलात पावलं उमटली होती, मोठी, आणि त्यांच्या आजूबाजूला लहान लहान. आप्पा ती बघून तिथंच खाली बसले.

नंतर फळ्यावरचं वाक्य मी बदललं. ‘घाबरावं, पण मारू नये’ असं लिहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांना ते आवडलं नाही. मी पुसलं नाही.

पुढं बऱ्याच शाळा बदलल्या. पोरांची ती सवय सगळीकडं सारखीच. मी वर्गात पाऊल टाकते, सगळी ताडकन उभी राहतात, माझ्याकडं बघून हसतात, ओरडतात. आणि मी आधी त्यांच्या पाठीमागं बघते. तिथं भिंत आहे याची खात्री झाली, की मगच म्हणते, “बसा.”