सगळे आले का?

बातमी आली तेव्हा मी मेथी निवडत होते. दवाखान्यातून दिरांचा फोन होता. हे गेले. मी उरलेली जुडी निवडली, मग उठले.

भेटायला येणारे रडायचे कमी, आमच्या रविवारच्या वाचनाचे किस्से जास्त सांगायचे. एकातून दुसरा निघायचा. असे बरेच साठलेत.

*

रेल्वेतून रिटायर झाल्यावर ह्यांनी शंभर वर्षांपूर्वीची एक जाडजूड कादंबरी आणली. तिसऱ्या पानावर डोळा लागायचा. "एकट्याला झोप येते, चौघांना नाही येणार," म्हणाले, आणि कामशेतच्या आमच्या ओसरीवर दोघांना बोलावलं. एक कारखान्यातले कांबळे, दुसऱ्या पवनानगरहून मासळी घेऊन येणाऱ्या हिरामावशी. एकाने मोठ्यांदा वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

पहिल्या रविवारी चौघंही झोपलो!

*

नायिका खिडकीत उभी. बाग, आभाळ, पाखरं, चार पानं झाली. मावशी वैतागल्या, "आवं, बाई अजून खिडकीतच हाय व्हय? चूल कोण पेटवनार?"

तेव्हापासून लांब वर्णन आलं की कांबळे आधीच इशारा देत, "मावशी, खिडकी!"

हळूहळू मावशीच म्हणू लागल्या, "घाई नगं. बघू द्या तिला."

*

कांबळे सगळं नोटीस बोर्डसारखं वाचत. हे म्हणाले, "अहो, ती रडतेय!"

"मग मी काय करू? पुढे पूर्णविराम आहे!"

पण नायिकेचा भाऊ परत आला त्या रविवारी कांबळे पूर्णविरामाच्या आधीच थांबले. चष्मा पुसत म्हणाले, "चहाची वाफ."

चहा अजून यायचा होता!

*

नियम एकच. सगळे आल्याशिवाय पुस्तक पुढे सरकायचं नाही. भातलावणीत मावशी येईनात. ह्यांना राहवेना. शेवटी आम्ही तिघं जीपने पवनानगरला गेलो. हे बांधावर छत्री धरून वाचत, मावशी वाकून रोपं लावत.

"भाऊ, आवाज वाढवा की! वारं लय हाय!"

पलीकडच्या खाचरातल्या बायाही हात थांबवून ऐकत होत्या.

*

दवाखान्यात मी विचारलं, "शेवटचं प्रकरण वाचू?"

हे हसले. "कांबळे कुठे आलेत अजून?"

*

तेराव्यानंतरच्या रविवारी दोघं आले. कांबळेंनी पुस्तक उघडलं आणि सवयीने विचारलं, "सगळे आले का?"

मावशींनी ह्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. "न्हाई."

कांबळेंनी पानं मागे उलटली आणि आधीचंच प्रकरण पुन्हा वाचलं. अजूनही दर रविवारी असंच होतं.

शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं आहे.