शालनच्या कॉफीची ओवी

इंदापूरच्या अलीकडं, सोलापूर रस्त्याला, ट्रकवाले टायर गार करायला थांबतात तिथं शालन वाघमोडेचं कॉफीचं हॉटेल आहे. पत्र्याचं आणि चार बाकड्यांचं. चहाच्या मुलखात कॉफी विकायला बसलेली ही बाई लवकरच गाशा गुंडाळणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. नवरा सिद्धूही त्यातलाच. फक्त जेवायला घरीच जायचं असल्यामुळं तो बोलला नाही.

पण शालन गप्प बसून गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्यातली नव्हती. दक्षिणेकडून येणारे ड्रायव्हर मोबाइलवर कॉफीची गाणी लावायचे. कानडी, तमिळ, काय काय. तिला एक शब्द कळायचा नाही, पण मधूनच ‘कापी’ ऐकू आलं की ती खूश व्हायची. मग तिनं नियमच करून टाकला, कॉफीचं नवं गाणं ऐकवील त्याच्या ग्लासात म्हशीच्या दुधाची जाड साय. आवळा देऊन कोहळा काढायचा तो असा! ड्रायव्हर गाणी हुडकून आणू लागले आणि कुठलं सरस, यावरून बाकड्यांवर भांडणं लागू लागली. शालनच्याही आवडीनिवडी पक्क्या होत्या. दूध तापत असताना संथ गाणं लागायचं, ग्लास विसळताना धडाक्याचं. मधे कुणी रडकं लावलंच, तर त्याला साय मिळत नसे.

एकदा एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं मोडक्या हिंदीत विचारलं, तुमच्या बोलीतलं कॉफीचं गाणं कुठाय? शालनला एकही आठवेना. तिच्या कानावरून गेलेली सगळी चहाचीच. तिला चक्क लाज वाटली. धनगराची लेक ती, बापाच्या ओव्या ऐकत वाढलेली. चुलीवरचं दूध आटेपर्यंत तिनं ओवी बांधली.

डोंगराची काळी लेक, घाट उतरून आली गं,
म्हशीच्या दुधामधी नांदायाला गेली गं,
माहेर राहिलं लांब, सासरी गोड झाली गं!

कुणीतरी ती मोबाइलवर भरून घेतली आणि ओवी बघता बघता पसरली. एसटीचे कंडक्टर ती म्हणू लागले, उसाच्या ट्रॅक्टरवर ती वाजू लागली. हिंदुरावआबांच्या गजातली माणसंसुद्धा बाजारातून परतताना कॉफी पीत ती गुणगुणायची.

हे आबा शालनचे चुलत सासरे. रस्त्यालगतच्या वस्तीवरच्या बिरोबाच्या जत्रेत ढोलाभोवती ओव्या म्हणणारा जो मेळा असतो, तो गज. त्याचे आबा म्होरके. म्होरक्यानं ओळ टाकायची आणि मागच्यांनी तिचं शेपूट उचलायचं, म्हणजे झील धरायची, अशी रीत. झील मिळाली नाही की ओवी तिथंच पडते आणि म्हणणाऱ्याचं हसं होतं.

शालनला एकदा, एकदाच, जत्रेत ढोलासमोर आपली ओवी म्हणायची होती. हॉटेलात कुणी कितीही वाहवा केली तरी ढोलावर चढल्याशिवाय ती ओवी नव्हेच, असं तिचं मत. पण त्या गजात बाई कधी उभी राहिली नव्हती. तरी पदर सारखा करून ती आबांकडं गेली.

आबा म्हणाले, “ओवी देवाची असती, हाटेलाची न्हाय.”

“मेंढराची ओवी देवाला चालती, आबा. मग कॉफीची का न्हाय चालायची?”

आबा माणूस मोठा बेरकी. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “म्हण बापडे. पर आमी झील धरणार न्हाय.” आणि गजातल्या एकूणएक माणसाला तशी तंबी देऊन टाकली. सिद्धूनं तिला पोटतिडकीनं समजावलं की, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतीस. जत्रेच्या आदल्या रात्री तिला झोप नाही. पण सकाळी ती गेली.

भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या त्या गर्दीत ती ढोलासमोर उभी राहिली. पहिली ओळ टाकली. मागं सगळे चिडीचूप. दुसरी टाकली. कुणीतरी फिदीफिदी हसलं. शालनच्या डोळ्यांत पाणी आलं, ती मनातून भयंकर चिडली आणि त्याच तिरमिरीत तिसरी ओळ तिनं आभाळात फेकली.

गजात सगळ्यात मागं रावजी उभा होता. सारी हयात त्यानं झील धरण्यात घालवली. ओळीचं शेपूट खाली आलं की त्याचा हात आपसूक कानावर जाई आणि तोंड उघडे. तंबी कुठल्या कुठं गेली. “गोड झाली गंऽऽ!” रावजी ओरडला. त्याच्या पाठोपाठ उरलेले ओरडले, कारण एकानं उचललेली झील बाकीच्यांनी सोडायची नसते. ढोल घुमला. सगळ्या जत्रेला ओवी पाठच होती. बायकांनी उचलली, पोरांनी उचलली, रस्त्यावर थांबलेल्या ट्रकवाल्यांनीही उचलली.

थांबवायला म्हणून आबांनी हात वर केला. पण चालती ओवी मोडायची नाही, हे त्यांनीच जन्मभर सगळ्यांना कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. हात क्षणभर तसाच राहिला. मग तो हळूच त्यांच्या स्वतःच्या कानावर गेला आणि गजातला सगळ्यात चढा आवाज झिलीत मिसळला.

झील उतरली तसे आबा म्हणाले, “फुडली वळ टाक, शालन. लोक खोळंबल्यात.”

पुढची ओळ बांधलेलीच नव्हती. शालननं डोळे पुसले, आबांकडं बघितलं आणि उभ्या जागी ती बांधली.

सासऱ्यानं दिली हाक, सून म्होरं झाली गं!

आणि ती झील आबांनीच पहिली उचलली.